रकमेच्या शेजारी तारीख

अनेक आशीर्वाद.

आपल्या बुद्धिबळ महासंघाचं तू पाठवलेलं अंदाजपत्रक दोनदा वाचलं. बेरजा बरोबर आहेत, कोणता संघ कुठे आणि किती जणांचा जाणार तेही नीट मांडलंस. तुझ्या वयात मला एवढं जमत नव्हतं. पण आठही पानांवर रकमेचा रकाना आहे आणि तारखेचा एकाही पानावर नाही. तिकिटाला किती लागतील ते तू लिहिलंस. ते पैसे कोणत्या आठवड्यात हातात हवेत, ते राहिलं. एवढ्यासाठीच हे पत्र लांबणार आहे.

महासंघाकडे पैसे नसतात, असं सगळे म्हणतात. इतकी वर्षं आंतरराष्ट्रीय संघांचं काम पाहून माझं मत वेगळं झालं आहे. पैसे बहुतेक वेळा येतात, पण स्पर्धा उरकल्यावर येतात. सरकारी अनुदान आर्थिक वर्षाच्या चालीने चालतं, प्रायोजक त्याच्या जाहिरातीच्या हंगामाने, आणि फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, आपलं वेळापत्रक आखताना या दोघांनाही विचारत नाही. संघाची नोंदणी, व्हिसासाठी यजमानांचं निमंत्रणपत्र, तिकिटं, शिबिरासाठी प्रशिक्षकाला द्यायची आगाऊ रक्कम हे सगळं पहिल्या फेरीच्या कितीतरी आधी दारात उभं राहतं. अनुदानाचा हप्ता मात्र मागच्या खर्चाचा हिशेब तपासून झाल्याशिवाय सुटत नाही. मधले हे महिने कोणीतरी निभावून न्यावे लागतात, आणि तुला कळायच्या आत ते काम खेळाडूंच्या गळ्यात पडलेलं असतं.

माझ्या हातून ते झालं आहे. एका सांघिक स्पर्धेच्या वेळी हप्ता अडकला, तेव्हा मी मुलांना सांगितलं, "तिकिटं तुमच्या खिशातून काढा, आल्यावर लगेच देतो." तिसऱ्या पटावरचा, म्हणजे संघात तिसऱ्या क्रमांकाने खेळणारा, मुलगा परत आला त्याच आठवड्यात कार्यालयात येऊन एक लखोटा देऊन गेला. बोर्डिंग पास, टॅक्सीच्या पावत्या, हॉटेलचं बिल, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं आणि शेवटच्या कागदावर पेन्सिलीने केलेली बेरीज. पुढच्या शिबिराला तो आला नाही. परीक्षा आहे म्हणाला. त्याच्या पुढच्या शिबिरालाही आला नाही. आठ महिन्यांनी हिशेबनिसाच्या खणात दुसरंच काही शोधताना तो लखोटा माझ्या हाताला लागला. चिकटवलेला होता तसाच होता, कोणी फोडलाही नव्हता. पैसे मी दुसऱ्या दिवशी दिले. पण तो मुलगा काही परत संघात आला नाही, आणि त्याने कधी तक्रारही केली नाही. तक्रार करणारे खेळाडू बरे गं, निदान कळतं तरी.

तेव्हापासून मी एक फिरता निधी वेगळ्या खात्यात ठेवायला लावला. फार मोठा लागत नाही. खुल्या आणि महिला अशा दोन्ही संघांची तिकिटं, व्हिसा आणि एका शिबिराची आगाऊ रक्कम भागेल एवढा. त्यातून स्पर्धेसाठी पैसे काढायचे आणि हप्ता आला की आधी ते खातं भरायचं. कार्यालयाची रंगरंगोटी, वार्षिक सभेचा मांडव यांसाठी त्याला हात लावू द्यायचा नाही. तुला मोह घालतील, "दोनच महिन्यांसाठी" म्हणतील. सही करू नकोस. हा निधी उभा करायला प्रायोजकाचाच पैसा वापर, कारण त्यावर सरकारी शीर्षकांची बंधनं नसतात.

प्रायोजकाशी बोलताना पदकाचं वचन देऊ नकोस. 2022 ला चेन्नईच्या ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या दर दोन वर्षांनी होणाऱ्या स्पर्धेत, अव्वल मानांकित अमेरिका पदकाविना परतली आणि चौदावं मानांकन असलेला उझबेकिस्तान सुवर्ण घेऊन गेला. पदक विकत देता येत नाही, तू देऊ शकतेस ते दोन वर्षांचं काम: शिबिरं, मुलांचे सामने, ऑलिंपियाडचा संघ. म्हणून करार एका स्पर्धेचा न करता ऑलिंपियाडच्या पूर्ण फेऱ्याचा कर. आणि संघाच्या शर्टावर कोणाचं बोधचिन्ह, खेळाडूच्या स्वतःच्या प्रायोजकाला जागा आहे की नाही, हे विमानतळावर ठरवायची वेळ येऊ देऊ नकोस. एका वर्षी मी आमच्या पहिल्या पटाच्या खेळाडूशी उद्घाटनाच्या रांगेत उभा राहून यावरून वाद घातला आहे. आठवलं की अजून लाज वाटते.

आता निवड. निवडीचा नियम आणि निवडीची नावं यांच्यात निदान सहा महिने जाऊ देत. फिडेची रेटिंग यादी, म्हणजे खेळाडूंच्या ताकदीच्या आकड्यांची यादी, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला येते, आणि कोणत्या महिन्याची यादी धरायची हे यादी आल्यावर ठरवलंस की संपलं, कारण त्या क्षणी प्रत्येक महिन्याला एका खेळाडूचा चेहरा असतो. एकाच यादीवर जाऊ नकोस, काही महिन्यांची सरासरी धर. सोबत किमान डावांची अट घाल, नाहीतर एखादा ग्रँडमास्टर, म्हणजे खेळातला सर्वात वरचा किताब मिळवलेला खेळाडू, रेटिंग जपण्यासाठी वर्षभर पटाजवळ फिरकत नाही आणि संघात मात्र हक्काने बसतो. संघातल्या पाचांपैकी एक जागा निवड समितीच्या मर्जीवर ठेवायला माझी हरकत नाही. उगवत्या मुलांसाठी ती लागतेच. फक्त कारण लिहून घे. तोंडी दिलेलं कारण चार महिन्यांत बदलतं.

संघ म्हणजे पाच मोठी रेटिंग नव्हेत. ड्रेस्डेनला 2008 मध्ये ऑलिंपियाडचं गणितच बदललं. तोवर वैयक्तिक गुणांची बेरीज चाले. त्या वर्षापासून सामना जिंकला की दोन गुण, बरोबरीला एक. साडेतीन-अर्ध्याने जिंका नाहीतर अडीच-दीडने, पदरात पडतं तेवढंच. त्याच वेळी चार पटांच्या संघाला राखीव खेळाडू दोनांऐवजी एकच उरला आणि फेऱ्या अकरा झाल्या. म्हणजे एकाला ताप आला की उरलेल्या चौघांना विश्रांती नाही. अशा रचनेत काळ्या सोंगट्या घेऊन निमूट अर्धा गुण आणणारा माणूस तुझ्या निकषांत दिसत नाही, पण कप्तानाला तो हवा असतो. कप्तान लवकर नेम आणि त्याचं मत ऐक. पाचवं नाव पक्कं करताना तरी ऐकच.

महिला संघाचं शीर्षक तू "उर्वरित निधीतून" असं टाकलं आहेस. मागच्या अंदाजपत्रकातून उतरवून घेतलं असशील, म्हणून रागावत नाही. 2008 पासून महिलांनाही चार पट आणि एक राखीव आहे, फेऱ्याही अकराच. मग तिकिटं तेवढीच, व्हिसा तेवढेच, प्रशिक्षकही तितक्याच तयारीचा लागतो. उर्वरित हा शब्द काढून टाक.

यजमान साधारणपणे खेळाडूंची आणि कप्तानाची राहण्या-जेवण्याची सोय करतो. प्रवास आपला. त्याखेरीज कोणी न्यायचं असेल तर तोही खर्च आपला. इथे एक गंमत होते. ऑलिंपियाडच्याच दिवसांत फिडेची सर्वसाधारण सभा भरते, आणि सभेला जाणारे पदाधिकारी संघाच्या शीर्षकाखाली तिकीट काढतात. मग दुसऱ्या प्रशिक्षकाला पैसे उरत नाहीत. पदाधिकाऱ्यांनी जाऊ नये असं मी म्हणत नाही, सभेत आपलं मत नोंदवणारं कोणीतरी हवं. त्यांचा खर्च वेगळ्या पानावर, प्रशासनाखाली लिही. पान वेगळं झालं की माणसं आपोआप कमी होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वयोगटांच्या जागतिक स्पर्धांत प्रत्येक गटात महासंघाचा अधिकृत खेळाडू ठरलेला असतो, बाकीची मुलं स्वखर्चाने जातात. त्या पालकांकडून गोळा केलेल्या रकमेत महासंघाने आपला वाटा चढवून घ्यायची पद्धत अनेक ठिकाणी असते. घ्यायचाच असेल तर उघड, वेगळ्या ओळीत, कारणासह लिही. पालक एकमेकांशी बोलतात आणि यजमानांचं माहितीपत्रक त्यांनाही वाचता येतं. त्याच मुलांतून दहा वर्षांनी तुझा संघ निघणार आहे.

मुलांना नॉर्मसाठी, म्हणजे किताबासाठी स्पर्धेत करून दाखवावी लागणारी ठरावीक कामगिरी मिळवण्यासाठी, परदेशी पाठवण्याचं पान तू मोठं ठेवलंस. ते निम्मं कर. ग्रँडमास्टर व्हायला 2500 रेटिंग आणि 27 डाव भरतील एवढे नॉर्म लागतात, साधारणपणे तीन. प्रत्येक वेळी 2600 ची कामगिरी, आणि प्रतिस्पर्ध्यांत ग्रँडमास्टर आणि इतर महासंघांचे खेळाडू हवेत. दहा मुलांना बाहेर पाठवण्याऐवजी बाहेरचे पाच किताबधारी इथे बोलाव. दहा जणांची साखळी, नऊ फेऱ्या, आपली पाच मुलं. खर्च उतरतो आणि आपले पंचही घडतात. एवढी खबरदारी घे की कोण कोणत्या किताबाचा, कोणत्या महासंघाचा आणि सरासरी रेटिंग किती, हे गणित आमंत्रणं जाण्याआधी पंचाकडून तपासून घे. एक जण ऐनवेळी गळाला तर नॉर्मची अख्खी स्पर्धा साधी स्पर्धा होते. आणि हो, फिडेचं देणं थकवू नकोस. वर्गणी, रेटिंगचं शुल्क, किताबाच्या अर्जाचं शुल्क, सगळं महासंघाच्या नावावर चढत जातं. मुलाने कमावलेला किताब आपल्या थकबाकीपायी अडकला, तर त्याच्या आईला काय सांगशील?

चांगला खेळाडू दुसऱ्या महासंघाकडे गेला तर काय, असं तू शेवटी विचारलंस. जातात. फिडेने त्याचे नियम आणि रेटिंगप्रमाणे शुल्कही ठरवून दिलं आहे. आर्मेनियाने 2006, 2008 आणि 2012 अशी तीन सुवर्णं जिंकली, तिन्ही वेळा लेव्हॉन अरोनियन पहिल्या पटावर होता. 2021 मध्ये त्याने राज्यकर्त्यांच्या उदासीनतेबद्दल उघड बोलून अमेरिकेची वाट धरली. पण पुढच्याच वर्षी, मी वर म्हटलं त्या चेन्नईच्या ऑलिंपियाडमध्ये, त्याच्याशिवाय उतरलेल्या आर्मेनियाने रौप्य मिळवलं. त्या देशाने 2011 पासून बुद्धिबळ शाळेत सक्तीचं केलं आहे, पण रौप्य जिंकणारे त्या वर्गांतून आलेले नव्हते. ते आधीपासूनच संघाच्या आसपास होते, शिबिरांना येत होते, खेळत होते. तुझ्या तक्त्यात सहाव्यापासून दहाव्या क्रमांकापर्यंतच्या खेळाडूंवर एक पैसाही नाही. जाणाऱ्याला अडवायला ठेवलेली रक्कम त्यांच्याकडे वळव.

तक्ता परत पाठवतो आहे. प्रत्येक पानावर रकमेच्या शेजारी पेन्सिलीने एक रकाना आखला आहे, तेवढा भर. बाकीचं तुझं तू पाहशील, मी फक्त खेळाडूंच्या परताव्याची ओळ बघणार आहे. तिथे "अनुदान आल्यावर" असं लिहिलेलं दिसलं, तर हे कागद पुन्हा तुझ्याकडे येतील.