निष्ठीवनाचा निष्ठेशी काडीचा संबंध नाही

प्रश्न असा आलाय की बिल्डिंगच्या जिन्यात पाटी लावायचीय, 'थुंकू नये' फार गावठी वाटतं, तर 'निष्ठीवन करू नये' चालेल का, आणि अजून कुठले शब्द आहेत. चालेल की, शब्द एकदम शुद्ध आहे, फक्त ठ चा ट करू नका. पण सोलापुरात तोंडात मावा धरून वर चढणारा माणूस ते वाचून विचार करत उभा राहील आणि विचार करता करता तिथंच कोपरा रंगवेल. त्यापेक्षा 'थुंकू नका' लिहा आणि खाली कन्नडमध्ये 'उगुळबेडी', त्याचा जास्त उपयोग होईल.

डोक्यात जातात ते लोक वेगळेच, हा शब्द निष्ठेवरून आलाय असं छातीठोक सांगणारे. अरे बाबांनो, निष्ठा स्था धातूची, म्हणजे स्था या मूळ क्रियाशब्दाची, निष्ठीवन ष्ठिव् चं. दिसायला ष्ठ सारखा म्हणून काय सोयरीक जुळवायची?

आणि खरी गंमत या ष्ठिव् मध्येच आहे. पाणिनीच्या धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, ष ने सुरू होणारे बरेच धातू आहेत, पण वापरताना त्यांचा ष जातो आणि स येतो, ष्ठा चं स्था, षिच् चं सिच्, तसा नियमच आहे. ष्ठिव् त्यातून सुटला, वार्तिकात, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या पुरवणी नियमात, चक्क नाव घेऊन त्याला सूट दिलीय! माझं म्हणणं असं की हा धातू म्हणजे थुंकण्याचा आवाजच आहे, ष्ठी असं जोरात म्हणून बघा, समोरच्याच्या चष्म्यावर दोन थेंब गेलेच पाहिजेत, मग तिथं गुळगुळीत स कसा चालेल? व्याकरणवाले म्हणतात अपवाद म्हणजे अपवाद, त्यात आवाज शोधू नका. म्हणू देत. लॅटिनमध्ये स्पुओ, ग्रीकमध्ये प्त्युओ, ही याचीच भावंडं, ती काय मुकी आहेत का? आणि 'थुंकणे हा ष्ठीवनाचा अपभ्रंश' म्हणणाऱ्यांनी संस्कृतात थूत्कार वेगळा कशाला आहे ते आधी सांगावं, मग बोलावं.

गावठी म्हणाल तर हा वाद दंडी या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकारानं कधीच मिटवलाय. काव्यादर्श या आपल्या ग्रंथात तो म्हणतो, थुंकलेलं, ओकलेलं असले शब्द लाक्षणिक अर्थानं आले तर अतिसुंदर, नाहीतर ग्राम्य. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते तेव्हा एक झाड तिच्या पायांना लावायला लाखेचा लाल रस देतं, आणि त्या 'देतं' साठी कालिदासाचा शब्द आहे निष्ठ्यूत, म्हणजे सरळ सरळ थुंकलेला! लाल रस, तोही थुंकलेला, आणि तरी वाचताना कुणाला घाण वाटत नाही. आपल्याकडं 'पिंक टाकणे' चं तेच झालंय, मीटिंगमध्ये कुणी उगाच पिंक टाकली तरी भिंत स्वच्छ राहते.

बाकी प्रतिशब्द म्हणाल तर प्रत्येकाची जागा वेगळी. पिंक फक्त पान-तंबाखूची. लाळ आपोआप गळते, ती कुणी थुंकावी लागत नाही. साहेबाची थुंकीच झेलतात, 'निष्ठीवन झेलणारा' म्हटलं तर साहेबालाही कळायचं नाही. आणि टीबीच्या तपासणीला थुंकी म्हणतात ते तर साफ चूक, तिथं छातीतून खाकरून काढलेला बेडका लागतो, माणूस बिचारा थुंकी ऐकून डबीत नुसती लाळ देऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावतात.