बायोस अपडेट अर्धवट राहिलं, आता बोर्डचं काय?

प्रश्न : अपडेट चालू असताना वीज गेली. आता पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच. मदरबोर्ड गेला का?

बहुतेक वेळा नाही. बिघडलाय तो आठ पायांच्या एका फ्लॅश चिपमधला मजकूर, म्हणजेच बायोस: कॉम्प्युटर सुरू करणारा पहिला प्रोग्राम. अपडेटमध्ये जुना मजकूर पुसून त्या जागी नवा लिहितात. मधेच वीज गेली की प्रोसेसरला सुरुवातीच्या आज्ञाच धड मिळत नाहीत. बोर्डच्या मागे, यूएसबी पोर्टांजवळ बारीक बटण आहे का ते बघा. आसुस त्याला ‘बायोस फ्लॅशबॅक’ म्हणतं, गिगाबाइट ‘क्यू-फ्लॅश प्लस’. ही सोय असेल तर प्रोसेसर आणि रॅम नसतानाही पेन ड्राइव्हवरच्या बायोस फाइलीतून चिप लिहिली जाते. पॉवर सप्लायच्या वायरी मात्र जोडलेल्या हव्यात. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत कशालाही हात लावू नका, मग दहा मिनिटं लागोत.

प्रश्न : आसुसच्या बोर्डवर बटण दाबलं. दिवा पाच सेकंद लुकलुकला आणि तसाच पेटून राहिला.

म्हणजे काम सुरूच झालं नाही. पेन ड्राइव्ह नेमून दिलेल्या पोर्टातच आहे ना? एफएटी३२ फॉरमॅट केलाय ना? फाइलचं नाव कंपनीने सांगितलेलंच आहे ना? माझ्याकडे येणाऱ्या बोर्डांत नावाची चूकच सर्वाधिक सापडते: झिप न उघडता तशीच टाकलेली असते.

प्रश्न : रात्रभर बोर्डवरचा सेल काढून ठेवला, उपयोग नाही.

होणारही नाही. त्याने फक्त सेटिंग्ज पुसल्या जातात. चिपमधला खराब मजकूर जिथल्या तिथेच राहतो.

प्रश्न : बटण नाही. सीएच३४१ए प्रोग्रामर, म्हणजे चिप थेट वाचायचं-लिहायचं यूएसबी उपकरण, घेतलाय. थेट लिहू का?

थांबा, आधी चिपमधला मजकूर वाचून त्याचा बॅकअप ठेवा. मी एकदा घाईत बॅकअप न घेताच लिहिलं. बोर्ड सुरू झाला, पण त्याचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची ओळख) आणि सीरियल नंबर कायमचे गेले. अनेक बोर्डांवर ही माहिती त्याच चिपमध्ये असते.

पॉवर सप्लाय पूर्ण काढा. चिपच्या कोपऱ्यावरचा बारीक ठिपका म्हणजे पहिला पाय. प्रोग्रामरची जी क्लिप चिपवर बसवतात, तिची लाल वायर तिथे यायला हवी. चिपवरचा नंबर भिंगातून वाचा. काही चिपा १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना अडॅप्टरशिवाय जोडू नका, जळतील. दोनदा वाचून दोन्ही फाइली ताडून पाहा. तंतोतंत जुळल्या तरच पुढे जा. सगळीकडे एफएफ एफएफ दिसलं, तर बहुधा क्लिप नीट बसलेली नाही.

आसुसची कॅप फाइल (कंपनीच्या साइटवरची बायोस फाइल) जशीच्या तशी लिहू नका. तिच्या सुरुवातीला बहुधा २०४८ बाइट्सचं वेष्टण असतं, ते काढावं लागतं. उरलेल्या फाइलचा आकार चिपच्या क्षमतेइतकाच हवा: १२८ मेगाबिटच्या चिपला १६ मेगाबाइट.

प्रश्न : लॅपटॉपवर काय करायचं?

उघडण्याआधी कीबोर्डवरच्या कळा वापरून बघा. एचपीच्या बऱ्याच मॉडेलवर विंडोज आणि बी दाबून ठेवून पॉवर बटण दोन-तीन सेकंद दाबायचं. डेलच्या अनेक लॅपटॉपवर कंट्रोल आणि एस्केप दाबून ठेवून चार्जर जोडायचा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की आत्ताच शोधून ठेवा. बायोस परत आल्यावर विंडोज पहिल्यांदा तीच मागण्याची शक्यता मोठी.