उचल घेऊन जाऊ नकोस

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, सकाळ

प्रिय लेकरा,

तू पाठवलेलं ऑफर लेटर काल रात्री वाचलं. एकदा मनात वाचलं, मग तुझ्या काकूला मोठ्यानं वाचून दाखवलं. धारूरच्या डोंगरातल्या वाडीची पोर, वाळूजच्या शॉपफ्लोअरवर चार वर्षं उभी राहून काम शिकली आणि आता जर्मनीत, श्टुटगार्टला निघाली. मी तिथं आठ वर्षं काढली. तुझ्या पत्त्यात त्या गावाचं नाव येणार म्हटल्यावर मला झोप लागली नाही, आणि ती आनंदानं लागली नाही.

तू विचारलंस, ‘काका, सोबत काय काय नेऊ?’ सामानाचं शेवटी सांगतो. आधी त्या पत्राच्या पाचव्या पानाबद्दल बोलू. स्थलांतराच्या खर्चासाठी कंपनी तुला एकरकमी पैसे देणार आहे आणि दोन वर्षांच्या आत नोकरी सोडलीस तर ते सगळे परत करायचे आहेत. ते वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढं आमच्या ओट्यावर बसलेला मुकादम आला.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. तुझ्या आजोबांनीही कोयता धरला, त्यामुळं तुला हे नवं नाही, पण सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्याच्या नावावर मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ दिलेले पैसे. ती पावसाळ्यातच संपलेली असायची. बियाणं, दवाखाना, आत्याचं लग्न. दसरा झाला की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढायचं आणि पुढचे पाच-सहा महिने फडात राबून ती उचल फेडायची. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना आईचे पाय कसे थरथरायचे, ते मी खालून बघितलंय. एका वर्षी वडिलांची पाठ धरली. त्यांना घरी यायचं होतं. मुकादम वाईट माणूस नव्हता. तो इतकंच म्हणाला, ‘आधी फेडा, मग जावा.’ वडील थांबले. पाठ मात्र पुन्हा कधी सरळ झाली नाही.

तुझी कंपनी म्हणजे मुकादम, असं माझं म्हणणं नाही. तिकडं अशी अट सर्रास असते आणि कामगाराच्या बाजूनं कायदाही भक्कम आहे. पण सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी मागून घे. एक, परतफेडीची रक्कम दर महिन्याला चोविसाव्या हिश्शानं कमी होत जावी. दुसरी, कंपनीनंच तुला काढलं तर काहीही परत करावं लागू नये. मागायला लाजू नकोस. तिथं मागणाऱ्याबद्दल कुणी वाईट मत करून घेत नाही. आणि ते पैसे मिळाले तरी त्यातले परतीच्या तिकिटाचे बाजूला काढून ठेव. तुझे बाबा तिकिटासाठी पतसंस्थेतून कर्ज काढायचं म्हणतात, ते काढू देऊ नकोस. चार महिने उशिरा गेलीस तरी चालेल.

हे मी एवढं जीव तोडून सांगतोय, कारण मी ते केलं. २०१३ मध्ये गेलो तेव्हा तिकीट, घराचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याचा खर्च, सगळं उसनवारीवर. पहिल्या जागी माझं जमलं नाही. वरिष्ठ रोज सगळ्यांसमोर बोलायचा, काम मी शिकलो होतो त्याच्याशी संबंध नसलेलं होतं. दुसरी नोकरी शोधायची हिंमत झाली नाही, कारण दर महिन्याला गावाकडं हप्ता जायचा. दीड वर्ष मी तसंच काढलं. त्या दीड वर्षात मला रोज वाटायचं की मी शिकून-सवरून फडातच आलोय.

पैशाचा हिशेब आताच कागदावर मांड. पत्रातला आकडा ब्रुटो आहे, हातात पडतो तो नेट्टो. तू एकटी, म्हणजे कर-वर्ग एक. कर, पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा जाऊन शंभरातले साठ-पासष्ट हातात येतात असं धरून चाल. घराचं डिपॉझिट, त्याला काउत्सिओन म्हणतात, मूळ भाड्याच्या तीन पटींपर्यंत मागता येतं. ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्यानंच भाडेकरूला दिलाय. घरमालक हे आपणहून सांगत नाही. जाहिरातीत ‘काल्टमिटे’ असेल तर ते नुसत्या खोल्यांचं भाडं, पाणी आणि हीटिंग त्यावर. पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या जागी फक्त नळाचे पाइप असतात, ओटा आणि शेगडी आपण आणायची. आणि घर न बघता, ‘पैसे पाठवा, चावी कुरिअरनं येईल’ असं कुणी म्हटलं की तिथंच थांब.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची. त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो, तो चावीबरोबरच मागून घे. आणि पहिल्याच दिवशी टपालपेटीवर आणि बेलवर आडनावाची चिठ्ठी लाव. फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन नावावरून टपाल टाकतो. चिठ्ठी नसली की कर क्रमांकाचं पत्र, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, सगळं परत जातं. आपल्या नावांचाही घोळ होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि पासपोर्टात तुझ्या नावाला जोडून बाबांचं नाव. तिथं ती दोन्ही तुझीच नावं धरतात. नोकरीचा करार, बँक, विमा, सगळीकडं पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिही, आणि ‘ही एकच व्यक्ती’ असं सांगणारं प्रतिज्ञापत्र इथूनच करून ने. मला सुरुवातीला प्रत्येक सरकारी पत्रावर वडिलांचं नाव छापून यायचं. ज्या माणसाला सही करता येत नव्हती, त्याचं नाव जर्मन सरकारच्या पाकिटावर. ती पाकिटं मी फेकली नाहीत.

आता शेजारपाजाऱ्यांचं. श्टुटगार्ट श्वाबेन भागात येतं आणि तिथं केअरवोखं म्हणून एक रीत आहे. जिन्याची आणि दारापुढची झाडलोट भाडेकरूंनी आठवडा-आठवडा पाळीपाळीनं करायची. ज्याची पाळी, त्याच्या दाराच्या मुठीला छोटी पाटी अडकवतात. माझ्या दाराला ती अडकवलेली दिसली तेव्हा मला वाटलं कसली तरी जाहिरात आहे. काढून खिडकीत ठेवून दिली. दोन आठवडे जिना तसाच.

त्याच दिवसांत एका रात्री साडेदहाला मी भाकरी करायला घेतली. ज्वारीचं पीठ त्याच दिवशी मिळालं होतं, दोन महिन्यांनी. परातीत गोळा घेऊन थापायला लागलो आणि दारावर टकटक. खालच्या मजल्यावरच्या आजी, सत्तरीच्या, अंगात घरातला झगा. मला वाटलं, भांडायला आल्या. त्यांनी आत डोकावून परातीकडं बघितलं आणि विचारलं की काही मोडलंय का, मदत हवीये का. रात्री दहा ते सहा शांततेची वेळ असते, आणि लाकडी तक्तपोशीतून भाकरीची प्रत्येक थाप त्यांच्या उशाशी ऐकू जात होती. मोडक्या जर्मनमध्ये मी सांगितलं, ही आमची भाकर. थापलेली होती ती तव्यावर टाकली. काचेच्या शेगडीवर जाळ नसतो, त्यामुळं ती फुगली नाही, तव्यावरच फडक्यानं दाबून शेकली. त्यांना तूप लावून दिली. त्यांनी उभ्या उभ्याच खाल्ली आणि मग खिडकीतली ती पाटी त्यांना दिसली. त्या हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी आठला बादली घेऊन वर आल्या आणि जिना कसा पुसायचा, कोपऱ्यातून कुठं सुरुवात करायची, हे मला शिकवलं. माझं खरं जर्मन त्या जिन्यावर सुरू झालं.

म्हणून, राहायला गेलीस की पहिल्याच आठवड्यात वर-खालच्या दारांवर जाऊन नाव सांग. भाषा येत नसली तरी जा. आणि भाषा आतापासूनच धर. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनच्या परीक्षेची तारीख बघ, निदान ए-वन, म्हणजे भाषेची पहिली पायरी, होऊनच विमानात बस. ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, कायमच्या वास्तव्याचा परवाना बी-वन (तिसरी पायरी) असेल तर २१ महिन्यांत मागता येतो, नुसतं ए-वन असेल तर २७. तो परवाना हातात आला की तुझा मुक्काम एका मालकावर अवलंबून राहत नाही. उचल फिटल्यासारखंच आहे ते.

ऑफिसात एक सवय तुला मोडावी लागेल. आपल्याकडं कुणाला ‘नाही’ म्हणवत नाही. साहेबानं विचारलं, ‘शुक्रवारपर्यंत होईल?’ की आपण ‘बघते सर, होऊन जाईल’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला कळतं की होणार नाही. तिथं ते ‘होईल’ डायरीत लिहिलं जातं. शुक्रवारी काम झालं नाही तर तू खोटं बोललीस असा अर्थ निघतो. सोमवारीच सांग, ‘शुक्रवारी होणार नाही, बुधवारी देते.’ तुझं चुकलं तर तेही तोंडावर सांगतील. पहिल्यांदा लागेल. पण पाच मिनिटांनी तोच माणूस तुला जेवायला चल म्हणेल, आणि त्याच्या मनात काही नसेल. सुरुवातीचे सहा महिने प्रोबेशनचे असतात, त्यात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची नोटीस पुरते. त्या काळात नवीन कर्ज, नवीन फर्निचर, गाडी, काही नको.

घरच्यांशीही असंच सरळ बोल. मी इथं चुकलो. आईला फोनवर रोज सांगायचो, ‘बरं हाय.’ फोटो पाठवायचो ते बर्फाचे, किल्ल्यांचे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये साडेचारलाच अंधार पडतो. सकाळी अंधारात जायचं, अंधारात यायचं. पहिल्या हिवाळ्यात मी रविवारी दिवस-दिवस अंथरुणात पडून असायचो आणि दुकानंही बंद, म्हणजे बाहेर पडायला निमित्त नाही. घरी कुणाला माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं पोरगा सुखात आहे, मग मागणी वाढायची. त्यांचा काय दोष? मीच त्यांना तेवढं दाखवत होतो. तू आठवड्यातून एक फोन असा कर, ज्यात जसं आहे तसं सांगशील. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढं असतो. तू संध्याकाळी सहाला सुटशील तेव्हा वाडीत साडेदहा वाजलेले असतील, आई झोपलेली असेल. रविवारी सकाळी सातला कर, इथं साडेअकरा. आई रानातून आलेली असते. आणि जड वाटायला लागलं तर वाट न बघता तिथल्या डॉक्टरकडं जा. विमा त्यासाठीच भरतेस.

जमिनीचं बोलणं मला अवघड जातंय, पण बोलतो. नोकरीसाठी देश सोडलास की कायद्यानं तू अनिवासी. इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं इथल्या पैशांचं खातं, करून घ्यावं लागतं, तिकडून पैसे पाठवायला एनआरई हे वेगळं खातं उघड. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. जी आधीची आहे ती ठेवता येते, वारसानं आलेली घेता येते. म्हणजे उद्या शेजारचं रान विकायला निघालं आणि ‘तू पैसे पाठव, आपण घेऊ’ असं झालं, तर ते तुझ्या नावावर होणार नाही. द्यायचे तर भावाला दिले असं समजून, मनापासून दे. नंतर त्यावरून घर तुटलेलं मी बघितलंय.

आणि जायच्या गडबडीत कुणी हक्कसोड पत्र पुढं केलं तर सही करू नकोस. वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं तुझा हिस्सा भावाइतकाच आहे. तो पुढं द्यायचा की नाही, ते तू दोन-चार वर्षांनी शांतपणे ठरव. मुखत्यारपत्र लागलंच तर एका ठरावीक कामापुरतं कर, सर्वाधिकाराचं नको. तुझ्या भावावर माझा अविश्वास नाही. मी त्याला मांडीवर खेळवलंय. पण कागदाला माया कळत नाही.

आता सामान. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, खवा नाही, आणि तुझे बाबा कुंथलगिरीचे पेढे बांधून देणार असतील तर ते इथंच सगळ्यांना वाटून टाका. सीताफळंही नाहीत. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ, मात्र भरपूर ने. पाण्यात कालवून उकळलं की दहा मिनिटांत आमटी, आणि त्या वासानं परकी खोली आपली होते. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, तीन पाकिटांत बंद करून ने. थंडीचे कपडे इथं घेऊ नकोस, तिथली थंडी इथल्या दुकानदाराला माहीत नाही.

पुढच्या शनिवारी घरी ये. माझा लोखंडी तवा काढून ठेवलाय, बुडाला सपाट आहे, काचेच्या शेगडीवर नीट बसतो. आठ वर्षं तो त्याच शहरात होता. काकूनं दोन किलो येसर दळायला घेतलंय. परातीखाली घालायचा जाड टॉवेल तेवढा तिथं गेल्यावर घे, आणि भाकरी नऊच्या आत थाप.

तुझा,
काका