इचिंगच्या प्रक्रियेचा पेटंट दावा उघड आहे की नाही, हे कसं ठरवायचं?

तुम्ही दिलेला दावा असा: तांब्याचं फेरिक क्लोराइडच्या द्रावणातलं इचिंग (रसायनानं धातू खाऊन आकार काढणं) ४५ ते ५५ अंशांवर, फवाऱ्यानं. एवढंच असेल तर उघड आहे, म्हणजे या कामातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखा आहे. द्रावण तापलं की धातू भरभर खातं, हे टाकीवरच्या पोराला पहिल्याच उन्हाळ्यात कळतं.

वाळूजला आमचं इचिंगचं जॉब वर्क आहे. मे महिन्यात पत्र्याखाली टाकी आपोआप तापते अन् माल लवकर उतरतो. थंडीत धातू तेवढाच खोल खायला जास्त वेळ लागायचा, म्हणून वडिलांनी हीटर बसवला. मालासोबतच्या चलनावर तापमान आणि वेळ लिहायची त्यांची शिस्त होती. एका गिऱ्हाईक कंपनीचा इंजिनिअर हे सगळं बघून गेला आणि पुढं तेच पेटंटच्या अर्जात छापून आलं! सल्लागाराकडं गेलो तर तो म्हणाला, "पुस्तकात छापलेलं दाखवा, चलनाला कोण विचारतो?"

कायदा विचारतो. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम २५(१) वाचा. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्याआधी, कुणालाही लेखी विरोध करता येतो. दावा उघड आहे का हे बघताना छापील मजकुरासोबत भारतात आधीपासून काय वापरात होतं, तेही धरतात. १९७८ मध्ये भांडी लेथवर धरण्याच्या पद्धतीचं पेटंट सुप्रीम कोर्टानं टिकू दिलं नाही. नुसती कारखान्यातली सुधारणा पुरत नाही, असं सांगितलं. मी चलनं जोडून विरोध केला. त्यांनी तापमानाचा दावा मागं घेतला. ज्याचे हात ॲसिडनं पिवळे झालेत तोच या कामातला जाणकार, हे मी त्या सल्लागाराला आजही तोंडावर सांगेन.

तुमच्या दाव्यात एखादं नवं द्रव्य असेल आणि त्यानं कडेखालून धातू खाल्ला जाणं खरंच कमी होत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. जाणकाराला तसं होईल असं आधी वाटलं असतं का, ते तपासा. दावा वाचून झाल्यावर सगळंच सोपं वाटतं, त्यामुळं अर्जाच्या तारखेच्या आधी जाऊन विचार करायचा. आणि आमची चलनं गिऱ्हाइकांकडं गेलेली होती, म्हणजे वापर चारचौघांत होता. कुलपातल्या वहीचं तेवढं वजन पडेलच असं नाही. जुनी बिलं, चलनं शोधा आणि टाकीवरच्या जुन्या माणसाचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडा.