पहिलीच कथा ना?

तुझी आतापर्यंतची कथा वाचली. घडते सांगलीच्या हळद बाजारात, पण पहिलं पानभर नुसती रम्य पहाट! ते पान काढ, थेट सौद्यापासून सुरू कर.

सध्या एवढंच सांभाळ:

- संवाद मोठ्यानं वाच. तुझा हमाल 'मी अत्यंत व्यथित आहे' म्हणतो. असं मार्केट यार्डात कुणी बोलतं का?
- पहिलं पान सोडलं, तर शेवटापर्यंत लिहून होईस्तोवर मागचं दुरुस्त करू नकोस. नवी मंडळी इथंच अडकतात.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर लेख लिहायचा तुझा विचार आहे, तो जरूर लिही. पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात, हळद साठवायची ती पद्धत ज्यांनी पाहिलीय, अशा म्हाताऱ्यांना आधी गाठ. ऐकीव सन मात्र कागद बघितल्याशिवाय छापू नकोस. निवेदनाचे प्रकार, शैली वगैरे नंतर बघू. कच्चा खर्डाही चालेल, पाठव.