विचारा की! हँडीकॅम घ्यायचाय, पण दुकानात बघायचं काय?

ह्या वेळी कॅमेऱ्याची पत्रं एवढी आलीत की बाकीचं सगळं पुढच्या अंकाला ढकललंय. फ्रिज आणि इन्व्हर्टरवाल्यांनी जरा दम धरा.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): मी बँकेतनं रिटायर झालोय. नातीचं गॅदरिंग, घरचा गणपती, गावाकडची जत्रा ह्यासाठी हँडीकॅम घ्यावा म्हणतोय. मुलगा म्हणतोय मोबाईल असताना कशाला पैसे घालवताय. दुकानदारानं दोन दाखवले, एकाला ३० एक्स झूम, दुसऱ्याला ५०, म्हणून दुसराच घ्या म्हणतोय. खरं कुणाचं धरायचं? आणि बघून घ्या, बघून घ्या म्हणतात सगळे, ते बघायचं म्हणजे नेमकं काय?

उत्तर: काका, मुलाचं निम्मं बरोबर आहे. दोन-तीन मिनिटाचे तुकडे घ्यायचे, लगेच भावकीच्या ग्रुपवर टाकायचे, एवढंच काम असेल तर मोबाईल पुरे, त्याला कुणी नावं ठेवू नये. पण गॅदरिंग दोन-अडीच तास चालतंय, पालकांना बसवतात मागच्या रांगेत, आणि नात स्टेजवर उजव्या कोपऱ्यात तिसरी. तिथं बहुतेक मोबाईलचा खरा झूम तीन, फार तर पाच पटीवर संपतो आणि त्याच्यापुढं तो नुसता फोटो ताणत बसतो. मधेच कुणाचा तरी फोन येणार, मोबाईल तापणार, स्टोरेज फुल म्हणून मेसेज येणार. हँडीकॅम ह्या एकाच कामासाठी केलेला असतो, स्टँडवर लावला, बटण दाबलं, की कार्ड नाहीतर बॅटरी संपेपर्यंत तो चालू. त्यामुळं तुमच्या कामाला हँडीकॅम चुकीचा नाही.

आता ३० का ५०. सोनीचा सीएक्स ४०५ घ्या उदाहरणाला, त्याची लेन्स (३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशोबानं, आकडा लहान तेवढं जास्त फ्रेममध्ये बसतं) २६.८ मिलिमीटरपासून सुरू होते आणि ३० पट म्हणजे जाऊन पोचते ८०० च्या आसपास. तेवढ्या झूमवर नुसत्या हातानं कॅमेरा धरून बघा, तुम्ही श्वास घेतला तरी नातीचं तोंड फ्रेमच्या बाहेर जातंय. पॅनासॉनिकच्या व्ही १८० ला ५० एक्स आहे, खोटं नाही ते, खरोखरचा ऑप्टिकल, म्हणजे लेन्सचा आहे, पण तो वापरायला भक्कम ट्रायपॉड पाहिजे आणि शाळेच्या हॉलमध्ये त्याची गरजही पडत नाही. आणि डब्यावर डिजिटल झूम म्हणून शेकड्यात आकडा छापलेला असतो त्याच्याकडं तर बघूच नका, मेनूत जाऊन पहिल्याच दिवशी बंद करून टाका.

झूमचं दुसरं टोक कुणी विचारतच नाही, आणि घरच्या व्हिडिओला तेच जास्त लागतंय. आपली घरं कशी, माजघर दहा बाय बारा, त्यात गणपतीची आरास, आरतीला पंधरा माणसं. मागं भिंतीला पाठ टेकली तरी सगळी फ्रेममध्ये बसायला पाहिजेत. सुरुवातीचा आकडा २६-२८ असला तर बसतात. जुन्या, सेकंडहँड हँडीकॅमचा कधी कधी ४० च्या पुढं असतो, मग आरती म्हणणारी दिसतात आणि टाळ वाजवणारी गायब. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारा स्टेबिलायझर ‘ॲक्टिव्ह’ वर ठेवला की बऱ्याच कॅमेऱ्यात चित्र अजून थोडं कापलं जातंय, तेही दुकानातच चालू-बंद करून बघून घ्या.

आता बघून घ्यायचं म्हणजे काय. घरातनं स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जावा. दुकानदाराला सांगा पाच मिनिटं शूट करतो. काउंटरवरच्या झगझगीत लाइटमध्ये करू नका, तिथं सगळेच कॅमेरे देखणे. मागं गोडाऊनकडं, जिन्याखाली, जिथं एखादीच ट्यूब असेल तिथं सोबत आलेल्या माणसाला उभा करा, बोलायला लावा. मग दारातनं बाहेर रस्त्याकडं कॅमेरा फिरवा आणि परत आत आणा. कार्ड घरी आणून टीव्हीवर बघा, कारण त्या अडीच-तीन इंचाच्या स्क्रीनवर कसलाही व्हिडिओ चांगलाच दिसतोय. टीव्हीवर काय बघायचं तर अंधारात तोंडावर मुंग्या आल्यासारखे ठिपके किती येतात, पांढरा शर्ट पिवळा नाहीतर निळा पडतो का, आणि बाहेरनं आत आल्यावर फोकस लगेच बसतो का चाचपडत राहतो. कार्ड घालू द्यायला किंवा शूट करू द्यायला जो नाही म्हणेल त्या दुकानात चहा पिऊन बाहेर पडा.

अंधाराचं थोडं जास्त सांगतो कारण इथंच फसगत होते. स्वस्तातल्या हँडीकॅमचा सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चिप, बारका असतो, त्या सीएक्स ४०५ चा १/५.८ इंच प्रकारचा. आजकालच्या बऱ्यापैकी मोबाईलचा मुख्य सेन्सर त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा. म्हणजे संध्याकाळी अंगणात, हळदीच्या मांडवात, बारक्या बल्बच्या उजेडात मोबाईल त्या हँडीकॅमला हरवू शकतो, हे दुकानदार सांगणार नाही. सोनीचाच एएक्स ५३ सारखा वरचा हँडीकॅम बघितला तर त्याचा सेन्सर १/२.५ प्रकारचा, म्हणजे बराच मोठा, झूम २० च पट, पण कमी उजेडात आणि हात हलताना तो कुठल्या कुठं पुढं. झूमचा आकडा कमी आणि किंमत जास्त कशी म्हणून लोक बुचकळ्यात पडतात ते ह्याच्यामुळं. डब्यावर किती कमी उजेडात चालतो ह्याचा लक्सचा आकडा दिलेला असतो तोही सोडून द्या, प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीनं मोजते.

आणि आवाज. काका, वीस वर्षांनी नात हा व्हिडिओ लावेल तेव्हा चित्र थोडं दाणेदार असलं तर तिला काही वाटणार नाही, पण तुमचा आवाज पंख्याच्या घरघरीत बुडाला असला तर ती चिडेल. म्हणून त्या पाच मिनिटाच्या शूटिंगमध्ये माणसाला आठ-दहा फुटावर उभा करा, वर पंखा चालू असू दे, आणि साध्या आवाजात बोलायला लावा. घरी हेडफोन लावून ऐका. झूम करताना मोटरची किर्रर्र येते का तेही त्यातच कळतंय. कॅमेऱ्याला बाहेरचा माईक लावायचं ३.५ मिलिमीटरचं भोक आहे का हे विचारूच नका, स्वतः फिरवून बघा. सीएक्स ४०५ ला ते नाही, एएक्स ५३ ला माईकचं पण आहे आणि हेडफोनचं पण. माझ्या मते ५० एक्सपेक्षा ह्या एका भोकाला जास्त पैसे द्यावेत.

बाकी किरकोळ. जास्तीची बॅटरी त्याच दिवशी घ्या, ह्या मॉडेलची अजून दोन वर्षांनी मिळेलच असं नाही, कारण घरगुती हँडीकॅम आता नवीन फारसे येतच नाहीत. बिल पक्कं घ्या, आणि सर्व्हिस बेळगावात होते का हुबळी-कोल्हापूरला पाठवावं लागतंय ते आधीच विचारून ठेवा. मुलाला सांगा बाबा, तू हळदीचं मोबाईलवर घे, गॅदरिंगचं मी बघतो.

प्रश्न (जांबोटी भाग, ता. खानापूर): आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढं आहेत, जात्यावरच्या ओव्या अजून पाठ आहेत त्यांना. पुतण्याचा जुना हँडीकॅम आहे घरात. रेकॉर्ड करून ठेवावं म्हणतोय, पण मागं एकदा केलं तर आवाज लांबनं आल्यासारखा आला.

उत्तर: अक्का, आवाज लांबनं आला कारण कॅमेरा लांब होता. तुम्ही झूम करून तोंड जवळ आणलं, पण माईक राहिला तिथंच, कॅमेऱ्याच्या अंगावर. झूमनं आवाज जवळ येत नाही. कॅमेरा झूम न करता तीन-चार फुटावर आणून ठेवा. माईकचं भोक असेल तर पदराला लावायचा क्लिपवाला माईक घ्या. नसेल तर एक सोपी युक्ती, मोबाईलवर व्हॉइस रेकॉर्डर चालू करून सासूबाईंच्या मांडीजवळ ठेवा, कॅमेरा चालू करा, आणि सुरू करायच्या आधी कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवा. नंतर पुतण्या कॉम्प्युटरवर टाळीचा हात आणि टाळीचा आवाज जुळवून घेईल, बाकीचं बहुतेक आपोआप जुळतंय. जात्याची घरघर राहू दे की, ती ओवीचीच आहे, फक्त मोबाईल जात्याला टेकवून ठेवू नका, खाली घडी घातलेलं टॉवेल घाला. पंखा बंद, टीव्ही बंद, आणि विसरल्या तर मधे कुणी आठवण करून देऊ नका, त्या थांबून परत धरतात ते पण रेकॉर्डमध्ये पाहिजे.

प्रश्न (निपाणी): भाचा अमेरिकेहून हँडीकॅम घेऊन आला. बाहेर झकास येतंय, घरात ट्यूबलाइटखाली काढलं की व्हिडिओ लपलप करतोय. कॅमेरा फॉल्टी आहे का?

उत्तर: नाही मामा, कॅमेरा चांगला आहे, वीज वेगळी आहे. आपल्याकडं लाइनला ५० हर्ट्झ, तिकडं ६०. आपली जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते, डोळ्याला कळत नाही, पण तिकडच्या टीव्ही पद्धतीचा, म्हणजे एनटीएससी कॅमेरा सेकंदाला ६० चित्रं घेतो आणि दोघांचं गणित जुळत नाही, एका चित्रात उजेड जास्त पडतो, दुसऱ्यात कमी. मेनूत शटर स्पीड (एका चित्राला किती वेळ उजेड घ्यायचा तो) हातानं लावायची सोय असेल तर १/१०० करा, म्हणजे प्रत्येक चित्रात उजेडाचा एक पूर्ण हेलकावा बसतो आणि लपलप थांबते. अंधारात थोडं काळपट येईल, मग लाइट वाढवा. सोय नसेल तर त्या खोलीत चांगल्या कंपनीचे एलईडी लावून बघा, हलक्या एलईडीत मात्र तीच बोंब असते. बऱ्याच हँडीकॅममध्ये एनटीएससीचं पाल, म्हणजे आपल्याकडची पद्धत, करता येत नाही, कुणी करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. आणि इतर कुणी परदेशातनं मागवायच्या विचारात असेल तर पाल, म्हणजे डब्यावर ५०आय किंवा ५०पी लिहिलेलाच सांगा.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): सर, आमच्या गल्लीच्या मंडळाची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर शूट करायची आहे. फोर-केमध्ये करावं का, आणि ६४ जीबी कार्ड पुरेल का? मागच्या वेळी ढोल आला की आवाज फाटत होता.

उत्तर: दादा, आधी हिशोब. फुल एचडी एव्हीसीएचडी प्रकारात २४ एमबीपीएसवर (सेकंदाला २४ मेगाबिट) तासाला साधारण १०.८ जीबी जातंय, म्हणजे ६४ च्या कार्डात पावणेसहा-सहा तास. फोर-के १०० एमबीपीएसवर घेतलास तर तासाला ४५ जीबी, कार्ड दीड तासात भरलं. मिरवणूक संपते कधी ते तुला माहीतच आहे, रात्रभराचं फोर-के साठवायला हार्ड डिस्क पाहिजे, एडिट करायला दणकट कॉम्प्युटर पाहिजे, आणि बघणारे बघणार यूट्यूबवर मोबाईलमध्ये. फुल एचडी कर. फोर-केचं अगदीच मन असेल तर सजीव देखाव्याचे तेवढे शॉट घे, आणि त्याला यू३ लिहिलेलं, म्हणजे वेगवान कार्ड लागतंय. दोन ६४ ची कार्डं एका १२८ पेक्षा बरी, एक गेलं तरी निम्मी मिरवणूक हातात राहते. कॉपी करताना एकाच शॉटच्या दोन-तीन फायली दिसल्या तर घाबरू नको, कार्ड फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेलं असलं तर ४ जीबीच्या वर एक फाईल होतच नाही, कॅमेरा स्वतः तुकडे पाडतो. फक्त आख्खं फोल्डर जसंच्या तसं कॉपी कर, आतल्या दोन फायली उचलून आणू नको.

ढोलाचं असं आहे की कॅमेरा आवाज आपोआप वर-खाली करत असतो. ढोल धडाडला की सगळं खाली दाबतो, मग ताशा, घोषणा सगळं मेल्यासारखं, आणि ढोल थांबला की हळूहळू परत वर. मेनूत माईक लेव्हल ‘लो’ करता येते, ती मिरवणूक सुरू व्हायच्या आधीच कर. मॅन्युअल असेल तर सगळ्यात मोठ्या ठोक्यालाही मीटर लाल होणार नाही एवढी खाली ठेव. डॉल्बीच्या समोर मात्र कुठलाच कॅमेरा टिकत नाही, बाजूला हो, कानाला पण बरं. चित्ररथावरच्या फोकसनं माणसांची तोंडं पांढरी फट्ट पडत असतील तर एक्स्पोजर थोडं कमी कर.

प्रश्न (संकेश्वर): २००४ सालच्या लग्नाच्या आणि बारशाच्या छोट्या कॅसेटी आहेत, मिनी डीव्ही लिहिलंय. कॅमेरा चालू होतो. यूएसबी लावली तर लॅपटॉपवर काहीच येत नाही.

उत्तर: यूएसबीनं बहुतेक यायचं नाही वहिनी, त्या काळच्या बऱ्याच हँडीकॅमला यूएसबी होती ती फोटोसाठी नाहीतर हलक्या दर्जाच्या व्हिडिओसाठी. व्हिडिओचं खरं भोक वेगळं, त्याच्यावर डीव्ही किंवा आय-लिंक लिहिलेलं असतंय, त्याला फायरवायर केबल लागते. नव्या लॅपटॉपला ते पोर्ट नसतं, जुना डेस्कटॉप शोधून त्यात फायरवायर कार्ड घाला. कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ लागणार, तासाला १३ जीबीच्या आसपास जागा, घाई चालत नाही. असं काढलं तर टेपवर होतं तेच्या तेच उतरतं. पिवळ्या-लाल वायरीनं काढून देणारे आहेत, स्वस्त पडतंय, पण दर्जा जातो. कॅसेट उजेडात धरून तिच्या छोट्या खिडकीतनं आत बघा, रिळावर पांढरी भुरी दिसली तर ती कॅमेऱ्यात घालूच नका, बुरशी हेडला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या टेप वाचणाऱ्या भागाला, लागली की पुढच्या सगळ्या कॅसेटी खराब दिसणार. ती स्वच्छ करणाऱ्याकडंच द्या. कॉपी झाल्यावर कॅसेटी टाकून देऊ नका आणि कॅमेरा पण विकू नका.

प्रश्न (खानापूर): पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवला तर लेन्सवर जाळं धरतं. काय करावं?

उत्तर: कापडी बॅगेतनं काढा पहिला. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलणारी मिळाली तर बरी, रंग बदलला की गरम करून परत वापरता येते. बॅटरी काढून वेगळी, निम्मी चार्ज करून ठेवा. आणि चार महिने डब्यात ठेवून देऊ नका, पंधरा दिवसातनं एकदा उघडीप असेल त्या दिवशी बाहेर काढा, झूम पुढं-मागं करा, पाच मिनिटं काहीतरी शूट करा, अंगणातलं कुत्रं का असेना.