नशेवरची गोळी: गरोदरपणात, टीबीत आणि जेलमधून सुटल्यावर

नवरा यंत्रमागावर आहे. पाठदुखीसाठी ट्रामाडॉल सुरू झाली, आता दिवसाला दहा-बारा गोळ्या लागतात. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली. सासूबाई म्हणतात, एक नशा जाऊन दुसरी आली. (एक वाचक, अशोक चौक)

सासूबाईंची शंका अगदीच गैर नाही. ही गोळी, म्हणजे बुप्रेनॉर्फिन, अफूच्याच जातीतली. पण तिचा असर एका मर्यादेपुढे वाढत नाही. ती मेंदूत सावकाश धरते, सावकाश सोडते, म्हणून झिंग नाही आणि टर्कीही (नशा तुटल्यावर अंगाला होणारा त्रास) नाही. माणूस सकाळी उठून मागावर जातो. एवढ्या ट्रामाडॉलने मात्र फिट येऊ शकते. 2018 पासून ट्रामाडॉल एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली आहे, ते उगीच नाही.

पहिली गोळी जांभया, नाक गळणं, अंगावर काटा असं सुरू झाल्यावरच घ्यायची, नाहीतर तीच टर्की आणते. आणि ती जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची. चहाबरोबर गिळून टाकतात आणि मग मला सांगतात, ‘डॉक्टर, काहीच फरक नाही!’

पाचवा महिना चालू आहे. नवऱ्याबरोबर गर्द (ब्राउन शुगर) ओढते. बाळासाठी आजपासून एकदम बंद करू का?

नको, ताई. ठरवलंत ते चांगलंच, पण एकदम बंद केल्यावर येणाऱ्या टर्कीने बाळावर ताण येतो, दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. गरोदरपणात गर्दऐवजी बुप्रेनॉर्फिन किंवा तसंच दुसरं औषध, मेथाडोन, चालू ठेवणं, हाच जगभर मान्य असलेला उपचार आहे. शेवटच्या महिन्यांत डोस कमी पडू लागतो आणि वाढवावा लागतो. त्याने घाबरू नका, तुम्ही घसरलात असा त्याचा अर्थ नाही.

जन्मल्यावर काही दिवस बाळ किरकिर करू शकतं, थरथरू शकतं, कदाचित नीट दूध ओढणार नाही. बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगितलेलं असलं की ते सांभाळतात. डॉक्टरांनी दुसऱ्या कारणाने नको म्हटलं नसेल तर अंगावर जरूर पाजा.

बाळंतपणाच्या खोलीत पाऊल टाकताच सांगा, ‘मी बुप्रेनॉर्फिनवर आहे, पेंटाझोसिन देऊ नका.’ कळांसाठी आपल्याकडे ते इंजेक्शन सर्रास देतात, आणि तुम्हाला त्यानेच टर्की येईल. कागदावर लिहून नेलंत तर उत्तम, त्या वेळी बोलायचं भान कोणाला असतं!

भावाला टीबी निघाला. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यापासून मेथाडोन पुरत नाही म्हणतो. बहाणा आहे का?

बहुतेक खरं बोलतोय. रिफाम्पिसिनमुळे यकृत मेथाडोन लवकर संपवतं. टीबीची गोळी थांबवायची नाही, मेथाडोनचा डोस वाढवून घ्यायचा. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.

मुलगा सहा महिन्यांनी जेलमधून सुटतोय. आता व्यसन सुटलंच ना? सिव्हिलला नाव लिहिलं तर पोलिसांत जाईल का?

सवय सुटली, ओढ सुटलेली नाही. शरीराची सहनशक्ती मात्र उतरलेली असते. जुन्या हिशोबाने एकदा घेतलं तर श्वासच थांबू शकतो. म्हणून सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात मानसोपचार विभागात न्या.

नावाचं म्हणाल, तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते. कुठून सुरुवात करावी ते सुचत नसेल तर 14446 या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे लागत नाहीत.